एकोणीस ते तेहेतीस पिढ्या : बेने इस्राएलांच्या जनुकांवरचा एक निबंध वाचताना

माणगाव, म्हसळा, रोहा, अलिबाग या पट्ट्यात 'इस्राएल' हा शब्द टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्यांच्या खूप आधीपासून आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'शनवार तेली' येतात, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. अलिबागला इस्राएल आळी आहे. पनवेल, पेण, रेवदंडा, पोयनाड अशा गावांत त्यांची प्रार्थनालयं, म्हणजे सिनेगॉग आहेत. माणसं मात्र फार उरलेली नाहीत. बहुतेक कुटुंबं आधी मुंबईला आणि 1948 नंतर इस्राएलला गेली. त्यामुळे आता त्यांच्याबद्दल बोलणारे जास्त आणि ते स्वतः कमी, अशी परिस्थिती आहे. विषय निघाला की तीन प्रश्न हमखास येतात. हे लोक इथे कधी आले? दिसायला आणि बोलायला आपल्यासारखेच, मग ज्यू कसे? आणि हल्लीचा तिसरा : ते डीएनएने सिद्ध झालंय ना?

आजची पोस्ट तिसऱ्या प्रश्नावर आहे. पण पहिल्या दोघांना हात लावल्याशिवाय तो सुटत नाही.

'सिद्ध झालंय' म्हणताना लोकांच्या मनात बहुतेक वेळा एकच निबंध असतो. येदाएल वाल्डमन, अलोन केनान आणि सहकाऱ्यांचा हा निबंध मार्च 2016 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आला. तो कुणालाही फुकट वाचता येतो, आणि वाचावाच असा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : निबंधातली आकडेमोड चांगली आहे, निष्कर्ष बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहेत, पण त्यातून लोक जे उत्तर काढतात त्याचा प्रश्न निबंधाने विचारलेलाच नाही. आणि निबंध स्वतःबद्दल शेवटी जो दावा करतो, तो मराठी वाचकाने तरी तसाच गिळू नये.

निबंध काय सांगतो

संशोधकांनी 18 बेने इस्राएल व्यक्तींचे नमुने घेतले. त्यांची तुलना ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी अशा 41 समूहांतल्या 486 जणांशी केली, शिवाय जगातल्या इतर समूहांशीही. निष्कर्ष चार आहेत. एक, बेने इस्राएल जनुकांच्या बाबतीत आसपासच्या भारतीय समूहांसारखे आहेत, तरी त्यांच्यात मिसळून जाणारे नाहीत; त्यांचा वेगळा गट पडतो. दोन, तपासलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी समूहांपैकी फक्त त्यांच्यातच इतर ज्यू समूहांशी जुळणारा मोठा वाटा सापडतो, आणि तो मध्यपूर्वेतल्या ज्यूंकडचा आहे. तीन, हे मिश्रण सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झालं आणि त्यात ज्यू बाजूने पुरुष जास्त, स्थानिक बाजूने स्त्रिया जास्त होत्या. चार, त्यानंतर समूह फार लहान झाला आणि आपसातच लग्नं करत राहिला.

पिढ्या मोजतात कशा? गोधडीचं उदाहरण घेऊ. समजा, दोन वेगळ्या लुगड्यांचे मोठे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. पुढच्या पिढीने ती उसवून, दुसऱ्या गोधडीच्या तुकड्यांशी अदलाबदल करून पुन्हा शिवली. त्याच्या पुढच्या पिढीने तेच केलं. दर खेपेला एकसंध तुकडे लहान होत जाणार. आईवडिलांची गुणसूत्रं मुलाकडे जाताना नेमकं असंच काप-जोड होतं. म्हणून आजच्या माणसात एका मूळचे सलग तुकडे सरासरी किती लांब आहेत हे मोजलं, की किती वेळा काप-जोड झाली याचा अंदाज येतो. तुकडे लांब असतील तर मिश्रण अलीकडचं, बारीक असतील तर जुनं.

पुरुष-स्त्री फरक ओळखायची युक्तीही साधी आहे. एक्स गुणसूत्र बाईकडे दोन असतात, पुरुषाकडे एक. त्यामुळे समूहातल्या एक्स गुणसूत्रांचा दोन तृतीयांश हिस्सा बायकांमार्फत आलेला असतो, तर बाकीच्या गुणसूत्रांत दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. एक्सवर भारतीय वाटा बाकीच्यांपेक्षा जास्त दिसला, की तो वाटा मुख्यतः बायकांकडून आला असं म्हणता येतं.

जमेची बाजू

या निबंधाचं मोल कळायला त्याच्या सहा वर्षं मागे जावं लागतं. 2010 मध्ये 'नेचर'मध्ये डोरोन बेहार आणि सहकाऱ्यांचा जगभरच्या ज्यूंवरचा मोठा निबंध आला. त्यात भारतातले ज्यू पश्चिम भारतातल्या शेजाऱ्यांच्याच घोळक्यात पडले. बेने इस्राएलांची पितृवंशाची बाजू मात्र भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशाशी जुळली. त्यातलं एकच वाक्य उचललं तर 'हे तर इथलेच' असा निकाल निघतो. 2016 च्या निबंधातलं एकच वाक्य उचललं तर 'हे तर तिथलेच' असा. माणसं तीच, डीएनए तोच. मग सहा वर्षांत बदललं काय?

बदलली ती मोजायची रीत. माणसांना ठिपके करून नकाशावर मांडणारी पद्धत प्रत्येकाची सरासरी जागा दाखवते. दुधात थोडं केशर घातलं तरी वजनकाट्यावर ते दूधच भरतं; केशर शोधायला दुसरी तपासणी लागते. वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी एका पद्धतीवर विसंबायचं टाळलं. सरासरी अंतरं, सामाईक तुकडे, तुकड्यांची लांबी, एक्स आणि इतर गुणसूत्रांतला फरक, असे वेगवेगळे मार्ग वापरले आणि सगळे साधारण एकाच दिशेला जातात हे दाखवलं. प्रत्येक पद्धतीच्या चुका वेगळ्या असतात, म्हणून असं एकमत वजनदार ठरतं.

'फक्त 18 माणसं?' हा आक्षेप लगेच येतो. तो अर्धाच बरोबर आहे. एका माणसाच्या गुणसूत्रांत त्याच्या शेकडो पूर्वजांचे तुकडे असतात, त्यामुळे 'समूहात मिश्रण आहे का आणि साधारण कधीचं' या प्रश्नाला 18 जण पुरतात. पण समूहाच्या आत काय फरक आहेत, पेणच्या बाजूची घराणी आणि म्हसळ्याच्या बाजूची घराणी यांचा इतिहास एकच आहे का, हे 18 जणांवरून सांगता येत नाही.

पहिला आक्षेप : तारीख कशाची?

19 ते 33 पिढ्या म्हणजे किती वर्षं? पिढी 25 वर्षांची धरली तर 475 ते 825 वर्षं. 30 ची धरली तर 570 ते 990. म्हणजे ढोबळमानाने इसवी सन 1000 ते 1550 या काळात कधीतरी.

आता बेने इस्राएलांची स्वतःची परंपरा पाहा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून समाज वाढला. हे सुमारे 2000 वर्षांपूर्वी किंवा त्याहून आधी घडलं असं मानतात. बुडालेल्यांना पुरलं ती जागा नवगावला दाखवतात. मग 2016 च्या निबंधाने ही कथा खोटी पाडली का?

नाही. निबंधातली तारीख मिश्रणाची आहे, आगमनाची नाही. एखादं कुटुंब गावात कधी आलं आणि गावात त्याची सोयरीक कधी झाली, या दोन वेगळ्या तारखा आहेत. शिवाय मिश्रण एकदाच न होता शतकभर होत राहिलं असेल, तर ही पद्धत अलीकडच्या काळाकडे झुकलेला आकडा देते. आणखी एक शक्यता आहे. दहाव्या शतकात अल् मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता; त्या बंदराला तो सैमूर म्हणतो आणि तिथल्या पश्चिमेकडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती मोठी असल्याचं सांगतो. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी मंगळूरला कितीतरी वर्षं राहिला. कैरोच्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या कागदपत्रांत त्याचा पत्रव्यवहार आहे. या काळात पश्चिम किनाऱ्यावर मध्यपूर्वेतले ज्यू पुरुष येत-जात होते. ते आधीपासून इथे असलेल्या एखाद्या ज्यू वस्तीत मिसळले असतील, किंवा वस्ती त्यांच्यापासूनच सुरू झाली असेल. तुकड्यांच्या लांबीवरून या दोन गोष्टींत निवड करता येत नाही. निबंधाच्या आकड्यात दोन्ही बसतात.

हीच कसोटी परंपरेच्या बाजूच्या युक्तिवादांनाही लावू. नेहमी सांगितलं जातं की जुन्या बेने इस्राएलांना हनुक्का माहीत नव्हता, आणि हनुक्का इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या घटनेवरून सुरू झाला, म्हणून त्यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असणार. ऐकायला छान, पण कच्चं. शेकडो वर्षं एकट्या पडलेल्या समाजाने हिब्रू विसरली, ग्रंथ विसरले. मग एक सण विसरायला कितीसा वेळ? काय नाही यावरून तारीख काढणं हे जनुकशास्त्रात चालत नाही, तसं इतिहासातही चालू नये.

दुसरा आक्षेप : 'दुसरी सामग्रीच नाही'

निबंधाचा सारांश संपतो तो अशा अर्थाच्या दाव्याने की इतर विद्याशाखांकडे माहिती नसते, तिथे जनुकशास्त्र इतिहासात भर घालतं. सुरुवातीलाही अठराव्या शतकाआधीचा या समाजाचा इतिहास बहुतांशी अज्ञात असल्याचं म्हटलं आहे. लिखित पुरावा कमी आहे हे खरंच. सार्टोरियस या मिशनऱ्याच्या 1738 च्या पत्रात स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणवणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. त्याआधीचे निःसंशय त्यांच्याबद्दलचे म्हणता येतील असे उल्लेख सापडणं कठीण.

पण 'लिखित उल्लेख नाही' आणि 'सामग्री नाही' यांत फरक आहे. सामग्री आहे, आणि ती बरीचशी मराठीत आहे.

आडनावांपासून सुरू करा. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. बेने इस्राएलांची अशी शंभरहून जास्त 'कर' आडनावं आहेत. आडनावात गाव लिहिलेलं असणारा समाज म्हणजे जनुकशास्त्रज्ञासाठी तयार नकाशा! कुणाचे पूर्वज रायगडात नेमके कुठे पसरले, कुठली घराणी शेजारी होती, कोणत्या गावांत सोयरीक व्हायची, याच्या कल्पना तपासायला याहून सोपी सुरुवात मिळणार नाही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणाऱ्या सामाजी हसाजी दिवेकरांचं नाव पाहा. सामाजी म्हणजे शमुवेल. नाव बायबलमधलं, त्याला 'जी' मराठी, आणि शेवटी गाव. एका नावात स्थलांतराचे तीन थर.

मग सण. हिब्रू नावं रूढ होण्याआधी योम किप्पूरला इथे 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपास करायचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाच्या दुखवट्याचा दिवस म्हणजे 'बिरड्याचा सण', वालाच्या बिरड्यावरून. वर्षारंभाचा 'नव्याचा सण'. पोहे, ओलं खोबरं आणि फळं घालून केलेला मलिदा संदेष्टा एलियाहूच्या नावाने ठेवायचा, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवायची. पंचांगातला दिवस ज्यू, नाव आणि ताट कोकणातलं. ही नावं कधी पडली, कुठल्या गावात कुठलं नाव चालायचं, हा भाषाशास्त्राचा आणि लोकपरंपरेच्या अभ्यासाचा रीतसर विषय आहे.

आणि छापील साहित्य. पेसाखच्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत 1846 मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 च्या पुण्याच्या हग्गादेत चित्रांतल्या बायका साडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1897 मध्ये समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यांच्या लिखाणावर आक्षेप घेता येतात, पण एकोणिसाव्या शतकात म्हाताऱ्यांच्या आठवणीत काय होतं ते त्यात जपलेलं आहे.

त्यातली एक आठवण तर थेट या निबंधाच्या विषयाची आहे. समाजात 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता. स्थानिक बायकांपासून झालेल्या संततीला 'काळे' म्हणत, आणि त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार टाळत. ही प्रथा चांगली होती असं कुणी म्हणणार नाही. पण संशोधक म्हणून तिचा अर्थ पाहा : मिश्रण होतं हे समाजाला माहीत होतं, आणि त्याने त्याची वर्गवारीही केली होती. संगणकाने आठशे वर्षांपूर्वीचं गुपित उघड केलं अशा थाटात जे सांगितलं जातं, ते गुपित नव्हतं. नवीन आहे तो काळ आणि प्रमाणाचा अंदाज. तेवढं श्रेय द्यावं, त्याहून जास्त नाही.

तिसरा आक्षेप : आईचा प्रश्न

आता सर्वांत नाजूक मुद्दा. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू. आणि हा निबंध म्हणतो की स्थानिक वाटा मुख्यतः बायकांकडून आला. बेहार यांच्याच 2008 च्या मातृवंशावरच्या कामातही बेने इस्राएलांच्या मातृरेषा भारतीय दिसल्या होत्या. दोन वाक्यं शेजारी ठेवली की कुणीही म्हणेल, 'मग हे ज्यू नाहीतच!' व्हॉट्सॲपवर फिरायला एवढं पुरतं.

ज्यांच्यावर ही शंका घेतली गेली त्यांच्यासाठी हा नुसता वादाचा विषय नव्हता. 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने लग्नं लावणाऱ्यांना सूचना काढल्या : बेने इस्राएल वर किंवा वधू असेल तर आईच्या बाजूच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागपर्यंत चौकशी करा. रायगडातून, मुंबईतून आपण ज्यू आहोत म्हणून सगळं विकून गेलेली माणसं, आणि तिथे लग्नाच्या वेळी पणजीचा दाखला मागतात! कोकणातल्या एकोणिसाव्या शतकातल्या पणजीचा दाखला कोण देणार? लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरली. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि सूचनांतून या समाजाचं नाव काढावं लागलं.

त्या वेळी हा निबंध असता तर काय झालं असतं? दोन्ही बाजूंनी तो हातात धरला असता, आणि दोन्ही बाजूंनी चुकीचा. कारण धर्मशास्त्राचा प्रश्न 'तुझी पणजी कुठल्या वंशाची' असा नाहीच. बाहेरची स्त्री रीतसर धर्मात आली तर ती ज्यू आणि तिची मुलं ज्यू, हे त्याच धर्मशास्त्रात आहे. आणि धर्मात आल्याची खूण डीएनएवर उमटत नाही. सातशे वर्षांपूर्वी अष्टागरातली एखादी बाई दिवेलागणीला शुक्रवारचा दिवा लावू लागली असेल, मुलाची आठव्या दिवशी सुंता करून घेऊ लागली असेल. तिची गुणसूत्रं आधी होती तशीच राहिली. घर चालवलं तिने, शनिवार पाळायला शिकवलं तिने, आणि आपण तिच्याच गुणसूत्रावरून तिच्या नातवंडांचा धर्म ठरवायचा?

हे फक्त कोकणात घडलं असंही नाही. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्या मातृरेषांचा मोठा भाग युरोपीय असल्याचं 2013 च्या एका निबंधाने मांडलं. त्यावर वाद आहेत. पण दूरदेशी गेलेले पुरुष आणि तिथल्या बायका, ही गोष्ट माणसाच्या इतिहासात सगळीकडे आहे. पूर्वज आणि धर्म या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकल्या की असा घोळ होतो. तुडोर पारफिट आणि यूलिया एगोरोवा यांनी 2006 च्या पुस्तकात लेम्बा आणि बेने इस्राएलांच्या जनुकीय चाचण्या, त्यांच्या बातम्या आणि समाजाची प्रतिक्रिया यांचाच अभ्यास केला आहे. निबंधासोबत ते पुस्तकही वाचलं पाहिजे.

न वाचला गेलेला भाग

या निबंधातला चौथा निष्कर्ष बातमीत फारसा येत नाही, आणि जिवंत माणसांच्या उपयोगाचा तोच आहे. समूह एकेकाळी फार लहान झाला आणि पुढे आपसातच लग्नं करत राहिला, तर काही आजारांची शक्यता वाढते : आई आणि वडील दोघांकडून एकच सदोष जनुक आलं तरच होणारे आजार. इथे 'तुम्ही कोण' असा प्रश्न येत नाही. लग्नाआधी किंवा बाळाआधी कुठली तपासणी करून घ्यावी एवढंच विचारायचं असतं. नमुना देणाऱ्याला शास्त्राने परत काही द्यायचं असेल तर ते हे आहे. माझ्या मते निबंधाने यावर सारांशातल्या अर्ध्या वाक्यापेक्षा बराच जास्त भर द्यायला हवा होता.

पुढचं काम कसं व्हावं? नमुने 'कर' आडनावांप्रमाणे गावागावांचे घ्यावेत. गटात जनुकशास्त्रज्ञांबरोबर मराठी आणि हिब्रू दोन्ही वाचणारा इतिहासकार असावा. तारखा देताना ती तारीख कशाची, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावं. आणि आरोग्याचे निष्कर्ष आधी समाजाकडे जावेत, मग वर्तमानपत्रांकडे.

तोवर 'डीएनएने सिद्ध झालंय ना' याला उत्तर काय द्यायचं? असं : सुमारे पाचशे ते हजार वर्षांपूर्वी मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा संबंध आला आणि त्यातून आजचा समाज घडला, याला चांगला आधार आहे. ते ज्यू आहेत का, हे त्या निबंधाने सिद्ध केलेलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. त्याच 2016 सालच्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यासाठी कुणाचं रक्त तपासलं नाही. शनिवारी बंद राहणारा घाणा शेजाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिला होता आणि त्यावरून नावही ठेवलं होतं. तो पुरावा माझ्या हिशेबात कुठल्याही गुणसूत्रापेक्षा हलका नाही.